एक एकराची बाजू



पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागात, भीमा आणि नीरा या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात इंदापूर तालुका पसरलेला आहे. त्यातील शेळगावच्या शिवारात गणिताचा विषय काढावा, हे कोणाला वरकरणी विसंगत वाटेल. गणित शाळेच्या फळ्यावरचे आणि शिवार नांगराचे, अशी आपण मनाशी वाटणी करून टाकलेली असते. परंतु जमिनीचा तुकडा भावाभावांत वाटायची वेळ आली की शेतकऱ्याइतका काटेकोर गणिती दुसरा नसतो. वीतभर बांध सरकला तर पिढ्यान्‌पिढ्या बोलणे बंद झालेली घरे प्रत्येक गावात सापडतात. म्हणून मोजता येणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न येथे परका नाही. इयत्ता आठवीच्या पाठ्यपुस्तकात ‘परिमेय व अपरिमेय संख्या’ हा पाठ येतो. त्या पाठापुढे अडखळणाऱ्या मुलाला आणि त्याला शिकवताना गोंधळणाऱ्या पालकाला या शिवाराइतकी चांगली पाटी मिळणार नाही.

या तालुक्याचा जमीनमोजणीशी संबंध जुना आहे. पेशवाई बुडाल्यावर १८२० च्या दशकाच्या अखेरीस प्रिंगल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्याची पाहणी करून शेतसारा बसवला. प्रत्येक जमिनीचे खर्च वजा जाता राहणारे उत्पन्न काढून त्यावर सारा ठरवायचा, अशी त्याची बारीक हिशेबाची पद्धत होती. कागदावर हिशेब देखणा होता, पण पायाच डळमळीत होता. दर जड ठरले आणि शेते पड राहू लागली. पुढे १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी नव्याने पाहणी सुरू केली, ती याच इंदापूर तालुक्यात. जमीन प्रत्यक्ष मोजायची, मातीचा कस आण्यांत ठरवायचा आणि तीस वर्षे सारा कायम ठेवायचा, ही पद्धत येथे रुजली आणि मुंबई इलाख्यात सर्वत्र गेली. आजच्या सातबाऱ्याची मुळे त्या मोजणीपर्यंत पोहोचतात.

त्या मोजणीचे साधन होते तेहतीस फुटांची साखळी. तिचे सोळा भाग, त्यांना आणे म्हणत. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद चौकोन म्हणजे एक गुंठा, अर्थात १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. आता सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर आले, तरी बोलताना माणूस अजून गुंठ्यावरच येतो.

आता या साखळीपुढे एक साधा प्रश्न ठेवावा. एक एकर जमीन आखायची आहे. ती लांबट असली तर काहीच अडचण नाही. चार साखळ्या रुंद आणि दहा साखळ्या लांब तुकडा घेतला की चार दाहे चाळीस, एक एकर तंतोतंत झाला. परंतु कोणी म्हणाले, हा एकर चारही बाजूंनी सारखा, चौरसच हवा, तर त्याची बाजू किती साखळ्यांची घ्यावी?

सहा साखळ्या घेतल्या तर छत्तीस गुंठे होतात, कमी पडते. सात घेतल्या तर एकोणपन्नास, फार होते. म्हणून आण्यांत उतरावे. चाळीस गुंठ्यांचे चौरस आणे होतात १०,२४०. बाजू १०१ आणे घेतली, तर तिचा वर्ग १०,२०१, म्हणजे ३९ कमी. १०२ घेतली तर १०,४०४, म्हणजे १६४ जास्त. आणाही मोठा पडला. मग आण्याचे बारा भाग करावेत, शंभर करावेत, हजार करावेत. कोठेतरी बाजू नेमकी बसेल असे वाटते. आणखी बारीक माप घेतले की काम होईल, हा माणसाचा स्वाभाविक विश्वास आहे.

हा विश्वास येथे फसतो. साखळीचे कितीही समान भाग केले, तरी त्या भागांच्या पूर्ण संख्येत ही बाजू कधीही बसणार नाही. मोजणाऱ्याचा हात कापतो किंवा साखळी झिजली आहे, हे त्याचे कारण नव्हे. ही गोष्ट संख्येच्या स्वभावातच आहे. ती सिद्ध करायला आठवीच्या मुलाला येते तेवढेच गणित पुरते.

क्षणभर धरून चालावे की बाजू एका अपूर्णांकाने लिहिता येते, म्हणजे काही एक पूर्णांक अंश आणि काही एक पूर्णांक छेद. मग अंशाचा वर्ग हा छेदाच्या वर्गाच्या चाळीस पट असला पाहिजे. आता दोन्हीकडे मूळ अवयव पाडून दोन हा अवयव किती वेळा येतो ते मोजावे. कोणत्याही संख्येचा वर्ग केला की तिच्यातील प्रत्येक अवयव दुप्पट वेळा येतो. त्यामुळे अंशाच्या वर्गात दोनाची गणती सम असणार, छेदाच्या वर्गातही समच. परंतु चाळीस म्हणजे दोन गुणिले दोन गुणिले दोन गुणिले पाच, त्यात दोन तीन वेळा. सम अधिक तीन म्हणजे विषम. एकच संख्या, एका बाजूने पाहता तिच्यात दोनाची गणती सम आणि दुसऱ्या बाजूने पाहता विषम! मूळ अवयव तर एकाच प्रकारे पडतात. तेव्हा सुरुवातीला धरलेली गोष्टच खोटी. असा अपूर्णांक नाही आणि कोणाला कधी सापडणारही नाही.

हाच परिमेय आणि अपरिमेय यांतील भेद. जी संख्या दोन पूर्णांकांच्या गुणोत्तराने लिहिता येते, छेद अर्थातच शून्य नसताना, ती परिमेय. जी तशी लिहिता येतच नाही, ती अपरिमेय. पाच ही परिमेय, साडेतीन परिमेय, पाव परिमेय, उणे दोन तृतीयांश परिमेय. एका गुंठ्याच्या चौरसाची बाजू परिमेय, चार, नऊ, सोळा, पंचवीस, छत्तीस गुंठ्यांच्या चौरसाचीही परिमेय. चाळीस गुंठ्यांच्या चौरसाची मात्र अपरिमेय.

इंग्रजीत या दोन शब्दांचे दुसरे अर्थ ‘विवेकी’ आणि ‘अविवेकी’ असे होतात आणि मुले उगाच घोटाळ्यात पडतात. इंग्रजी शब्द मुळात गुणोत्तरावरून आला आहे. मराठी शब्द त्याहून बोलका आहे. ‘मा’ म्हणजे मोजणे, त्यावरून परिमेय म्हणजे मोजता येणारे. मात्र मराठी शब्दातही एक खाचखळगा आहे. ‘अपरिमित’ म्हणजे अमर्याद, म्हणून ‘अपरिमेय’ म्हणजेही अवाढव्य असावे, असे मुलांना वाटते. तसे नाही. आपल्या एकराची बाजू सहा आणि सात साखळ्यांच्या मध्ये आहे, सुमारे २०८ फूट साडेआठ इंच. ती खुंट्या ठोकून दोरीने दाखवता येते. ती अमर्याद नाही, तिला साखळीच्या समान भागांचे माप लागू पडत नाही एवढेच.

दुसरी ओळख दशांशांची. परिमेय संख्या दशांशांत लिहिली की एक तर ती थांबते, नाही तर तेच तेच अंक पुन्हा येत राहतात. असे का व्हावे? एकाला सातने भागून पाहावे. प्रत्येक पायरीला उरणारी बाकी एक ते सहा यांपैकीच असणार. बाक्याच सहा, तेव्हा फार तर सहा पायऱ्यांनंतर आधीची बाकी परत येणारच, आणि ती आली की भागाकाराचे गाडे त्याच चाकोरीतून फिरणार. म्हणून १४२८५७ हे सहा अंक न थकता फिरत राहतात. एकाला सतराने भागले तर सोळा अंकांची फेरी मिळते. अपरिमेय संख्येचे दशांश मात्र थांबत नाहीत आणि फेरीही धरत नाहीत.

येथे वर्गात नेहमी होणाऱ्या तीन चुका सांगणे आवश्यक आहे. पहिली, लांबलचक दशांश दिसले की संख्या अपरिमेय ठरवण्याची. एका गुंठ्याचे मेट्रिक माप १०१.१७१४१०५६ चौरस मीटर येते. आकडा भीतिदायक दिसतो, पण तो थांबतो, म्हणून परिमेय. दुसरी, अंकांत काही रचना दिसली की संख्या परिमेय मानण्याची. शून्य दशांश एक शून्य एक शून्य शून्य एक शून्य शून्य शून्य एक, अशी दर वेळी एक शून्य वाढवत जाणारी संख्या घ्यावी. तिच्यात रचना आहे, पण तोच गट पुन्हा येत नाही, म्हणून ती अपरिमेय. तिसरी चूक सर्वांत मोठी आणि घरोघरीची. पाय म्हणजे बावीस सप्तमांश!

वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांचे गुणोत्तर म्हणजे पाय. उदाहरण सोडवताना बावीस सप्तमांश घ्यावेत असे पुस्तक सांगते, आणि मुलाच्या मनात ‘घ्यावेत’ याचे ‘आहेत’ कधी होते ते कळतही नाही. मग परीक्षेत पाय परिमेय की अपरिमेय विचारले की तो प्रामाणिकपणे परिमेय लिहितो, कारण त्याला अंश दिसतो, छेद दिसतो. दोष मुलाचा नाही. ‘चालते’ आणि ‘आहे’ यांतील फरक त्याला कोणी सांगितलेलाच नसतो.

एकवीस फूट व्यासाची विहीर बांधायची आहे. बावीस सप्तमांश घेतले तर परीघ बरोबर सहासष्ट फूट. खरा परीघ त्याहून सुमारे आठ मिलिमीटरने कमी. गवंड्याच्या दृष्टीने हा फरक शून्यच, कारण चुन्या-सिमेंटच्या एका थरात तो नाहीसा होतो. येथे बावीस सप्तमांश वापरणे हे शहाणपण आहे. परंतु ते वापरणाऱ्याला ती तडजोड आहे हे ठाऊक असणे, हे शिक्षण आहे. व्यवहार आणि सत्य यांचे भांडण नाही, फक्त एकाला दुसऱ्याचे नाव देऊ नये.

हा भेद आपल्या पूर्वसूरींना ठाऊक होता का? येथे अभिमानाचा विषय येतो, म्हणून अधिक सावधपणे बोलले पाहिजे.

यज्ञवेदी आखण्याच्या गरजेतून शुल्बसूत्रे निर्माण झाली. शुल्ब म्हणजे दोरी. चौरसाच्या कर्णावर उभारलेला चौरस मूळ चौरसाच्या दुप्पट असतो, हे बौधायनाने सांगितले आणि त्या कर्णाला द्विकरणी हे नाव दिले. एका गुंठ्याच्या चौरसाचा कर्ण तो हाच, दोनाचे वर्गमूळ. त्याचे माप काढण्याची कृतीही शुल्बसूत्रांत आहे. बाजूत तिचा तृतीयांश मिळवावा, त्या तृतीयांशाचा चतुर्थांश मिळवावा, आणि त्या चतुर्थांशाचा चौतिसावा भाग वजा करावा. उत्तर येते ५७७ भागिले ४०८. आता पडताळा घ्यावा. ५७७ चा वर्ग ३,३२,९२९. ४०८ च्या वर्गाची दुप्पट ३,३२,९२८. सव्वातीन लाखांवर फरक फक्त एकाचा! दोरी आणि खुंट्या घेऊन काम करणाऱ्यांनी गाठलेली ही सूक्ष्मता पाहून मन भरून येते. परंतु तो एक शिल्लक राहतोच. वर्गमूळ अपरिमेय असल्यामुळे तो शून्य होणे शक्यच नाही.

आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये वीस हजार व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२ सांगितला आणि त्याला ‘आसन्न’ हे विशेषण लावले. आसन्न म्हणजे जवळचा. आपले उत्तर जवळचे आहे, अंतिम नाही, हे स्वतःच नोंदवून ठेवण्यात ज्ञानाची सचोटी आहे. जवळजवळ हजार वर्षांनी केरळच्या नीलकंठ सोमयाजीने आर्यभटीयावरील भाष्यात याचे मर्म उलगडले. ज्या मापाने व्यास बाकी न उरता मोजला जाईल, त्याच मापाने परीघ मोजला तर बाकी उरेल. ज्या मापाने परीघ पूर्ण मोजला जाईल, त्याने व्यास मोजताना बाकी उरेल. बाकी कितीही लहान करता येईल, पण दोन्हीकडे बाकी नाही अशी स्थिती येणार नाही. अपरिमेयतेचे याहून स्वच्छ वर्णन शोधून सापडायचे नाही.

महाराष्ट्राला तर या विषयात भास्कराचार्यांचा वारसा आहे. शके १०३६, म्हणजे इसवी सन १११४ मध्ये जन्मलेल्या या आचार्यांनी लीलावतीत रोजच्या कामासाठी बावीस सप्तमांश स्थूल मानले आणि ३९२७ भागिले १२५० सूक्ष्म मानले. कोणते कुठे चालेल, याचा निवाडा त्यांनी करून ठेवला. ज्या संख्येचे मूळ पूर्ण सुटत नाही तिला मोठ्या वर्गाने गुणून आसन्न मूळ काढण्याची रीतही तेथे आहे. तीच रीत आपल्या एकराला लावावी. चाळिसाला दहा हजारांनी गुणले की चार लाख, त्याचे मूळ ६३२ च्या किंचित वर, म्हणून बाजू सुमारे ६.३२ साखळ्या. दहा लाखांनी गुणले तर ६.३२४. हवे तितके जवळ जाता येते. बीजगणितात त्यांनी अशा मुळांची, म्हणजे करणींची, बेरीज-वजाबाकी-गुणाकार स्वतंत्रपणे शिकवले. एकसष्टाने गुणून एक मिळवला तरी वर्गच राहील असा वर्ग कोणत्या संख्येचा, या प्रश्नाला त्यांनी चक्रवाल पद्धतीने २२,६१,५३,९८० ही संख्या उत्तर म्हणून दिली. हाच प्रश्न फर्माने १६५७ मध्ये युरोपातील गणितज्ञांपुढे टाकला.

ही विद्या टिकली ती समाजाने पोसली म्हणून. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याला इसवी सन १२०७ च्या सुमारास निकुंभ वंशातील सोईदेवाने दान दिले, असे त्यात आहे. लेखाच्या अखेरीस जुन्या मराठीत दानाचा तपशील येतो. बाजारातील राजाचा हक्क मठाला दिला, चालणाऱ्या प्रत्येक घाण्यामागे पळी पळी तेल दिले. गावच्या घाण्यातील पळीभर तेलावर वर्गमुळांचा अभ्यास चालत होता, ही गोष्ट प्रत्येक गावाने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आता सावधपणाचा भाग. वर्गमूळ अपरिमेय आहे याची सिद्धता प्राचीन ग्रीकांनी दिली आणि युक्लिडच्या ग्रंथाचा दहावा भाग याच विषयाला वाहिलेला आहे. शुल्बसूत्रांत तशी सिद्धता नाही. पाय अपरिमेय असल्याची पहिली सिद्धता लँबर्टने १७६१ मध्ये दिली. नीलकंठाचे विधान त्याच्या कितीतरी आधीचे, पण त्याच्यासोबत सिद्धता मिळत नाही. हे सांगितल्याने बौधायन लहान होत नाहीत. उलट त्यांचे जे आहे ते त्यांचे म्हणून ठामपणे मांडता येते. जे त्यांनी सांगितले नाही ते त्यांच्या नावावर चढवले, तर एखादा चिकित्सक विद्यार्थी एके दिवशी ते उघडे पाडतो, आणि मग खऱ्या थोरवीवरचाही त्याचा विश्वास उडतो. अभिमानाचा पाया प्रिंगलच्या सारापद्धतीसारखा असू नये, वर हिशेब देखणा आणि खाली आधार कच्चा. ‘आसन्न’ म्हणण्याचे आर्यभटाचे धैर्य हाच खरा वारसा. तो सांगायचा तर जवळच्याला जवळचे आणि नेमक्याला नेमकेच म्हटले पाहिजे.

मग या सगळ्याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. संगणक मर्यादित अंकांवरच काम करतो, म्हणजे त्याच्या पोटातील प्रत्येक संख्या परिमेयच. अंतराळयानांची गणिते पायाच्या पंधरा दशांशांवर भागतात. आसन्नावर जग चालते, यात शंका नाही. परंतु किती आसन्न पुरे, हे तोच ठरवू शकतो ज्याला नेमके काय आहे हे ठाऊक आहे. आणि लाख वेळा मोजून जे कळत नाही ते चार ओळींच्या विचाराने कायमचे कळते, हा अनुभव मुलाला एकदा आला की त्याची गणिताची भीती जाते. कोणाच्या म्हणण्यावर नव्हे, युक्तिवादावर विश्वास ठेवायचा असतो, हा संस्कार त्याच्यावर होतो. तो पुढे शेती करो, शिक्षक होवो की मोजणीदार, हा संस्कार त्याला पुरतो.

म्हणून एवढेच करावे. सुटीच्या दिवशी मुलाला बरोबर घेऊन शेतावर जावे. तेहतीस फुटांची दोरी घ्यावी, सोळा गाठी माराव्यात आणि चौरस एकर आखायला सांगावे. त्याला सहा साखळ्या पाच आण्यांपर्यंत जाऊ द्यावे, खुंटी थोडी पुढे, थोडी मागे सरकवू द्यावी. तो थकून ‘बसत का नाही?’ असे विचारील. उत्तर सांगण्याची घाई करू नये. चाळिसाचे अवयव पाड, दोन किती वेळा येतो ते मोज, एवढेच म्हणावे आणि बांधावर बसून वाट पाहावी.